क्षारातु नीरेय

मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, हे आज शाळेतले पोरही सांगते. पण याच मिठाला 'क्षारातु नीरेय' म्हणावे, कार्बन डायऑक्साइडला 'प्रांगार द्विजारेय' म्हणावे आणि आयोडीनला 'जम्बुकी' म्हणावे, असा आग्रह धरणारा एक पंडित आपल्या देशात होऊन गेला. आपल्या आयुष्याची ऐन उमेदीची दहा वर्षे त्याने नागपुरात घालविली. त्याचे नाव आचार्य रघुवीर. ही नावे प्रथम ऐकणारा हसतो. आमच्या संस्कृतच्या तासाला सरांनी ती फळ्यावर लिहिली तेव्हा सारा वर्ग हसला होता. परंतु हसे ओसरल्यावर एकेका नावाची फोड करून पाहिली, की हा मनुष्य वेडा नव्हता हे ध्यानात येते. मग प्रश्न उरतो तो असा, की एवढा विद्वान, एवढा कष्टाळू माणूस या कामात हरला तरी कसा?

रघुवीरांचा जन्म 30 डिसेंबर 1902 रोजी रावळपिंडीचा. शिक्षण लाहोरला झाले. पुढे परदेशी जाऊन त्यांनी लंडन विद्यापीठाची पीएच. डी. आणि हॉलंडमधील उत्रेख्त विद्यापीठाची डी. लिट. मिळविली. विषय अर्थातच संस्कृत, त्यातही वैदिक वाङ्मय. परत आल्यावर लाहोरच्या सनातन धर्म महाविद्यालयात ते संस्कृत विभागाचे प्रमुख झाले. 'कपिष्ठल-कठ संहिता' हा यजुर्वेदाचा दुर्मीळ ग्रंथ त्यांनी 1932 साली संपादून प्रसिद्ध केला. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, तीतले विराटपर्व रघुवीरांनी संपादिले आणि ते 1936 साली छापले गेले. एका पर्वाच्या अनेक पोथ्या समोर ठेवायच्या, ओळ न् ओळ ताडून पाहायची आणि मूळ पाठ कोणता असावा ते ठरवायचे, हे काम किती चिकाटीचे असते ते आपल्या संस्कृत विभागातील प्राध्यापक अधिक चांगले सांगतील. मला एवढेच सांगायचे आहे, की असा माणूस रसायनशास्त्राच्या वाटेला गेला तो शब्दांच्या वाटेने गेला. प्रयोगशाळेची वाट त्याची नव्हती.

लाहोरातच त्यांनी 'सरस्वती विहार' नावाची संस्था काढली. भारतीय संस्कृती जेथे जेथे पोहोचली, त्या तिबेट, मंगोलिया, चीन, जावा-बाली अशा देशांतील ग्रंथ आणि अवशेष गोळा करून अभ्यासावेत, हा तिचा एक हेतू. दुसरा हेतू असा, की इंग्रजी राज्य आज ना उद्या जाणार, ते गेल्यावर कचेरीत, न्यायालयात आणि विद्यापीठात कोणती भाषा बोलायची याची तयारी आधीच करून ठेवावी. यातूनच इंग्रजी पारिभाषिक शब्दांना भारतीय प्रतिशब्द देणाऱ्या कोशांचे काम सुरू झाले. 1946 साली सरस्वती विहार लाहोरहून नागपुरास आला. पुढच्याच वर्षी फाळणी झाली आणि लाहोर परदेश बनले.

नागपूर तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होते. प्रांत द्विभाषिक, अर्धा हिंदी आणि अर्धा मराठी. मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल यांना राज्यकारभार देशी भाषांतून चालवायचा होता. त्यांनी रघुवीरांना हाताशी धरले. मराठी माणसाला यात नवे काही वाटू नये. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला आणि फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. आमच्या रत्नागिरीत तर 1924 ते 1937 या काळात सावरकर स्थानबद्ध होते आणि भाषाशुद्धीची चळवळ त्यांनी येथूनच चालविली. परंतु या दोघांपुढे प्रामुख्याने कारभाराचे आणि रोजच्या व्यवहाराचे शब्द होते. रघुवीरांनी हात घातला तो विज्ञानाच्या डोंगराला.

त्यांची रीत समजून घेण्यासारखी आहे. संस्कृतात सुमारे पाचशे उपयुक्त धातू, वीस उपसर्ग आणि ऐंशी प्रत्यय आहेत असा त्यांचा हिशेब होता. धातूला उपसर्ग लावा, प्रत्यय लावा, दोन शब्दांचा समास करा, की लाखो शब्द तयार होतात. शब्दांचा हा कारखाना आपल्या घरातच असताना इंग्रजीच्या दारात उभे का राहावे, हा त्यांचा सवाल. आणि एकदा शब्द संस्कृतातून घडविला, की तो मराठी, बंगाली, कानडी, हिंदी सर्वांनाच चालेल, ही त्यांची खात्री.

आता मूलद्रव्यांची नावे पाहू. हायड्रोजन या ग्रीक नावाचा अर्थ पाणी जन्मास घालणारा. रघुवीरांनी त्याला म्हटले 'उदजन'. उद म्हणजे पाणी. ब्रोमीनला मूळ नाव त्याच्या दुर्गंधीवरून मिळाले, म्हणून ते झाले 'दुराघ्री'. आयोडीनला त्याच्या वाफेच्या जांभळ्या रंगावरून नाव पडले, म्हणून ते 'जम्बुकी', म्हणजे आपल्या जांभळाचीच बहीण. ऑक्सिजनची गोष्ट अधिक मजेची आहे. लाव्हाझिएने हे नाव ठेवले तेव्हा प्रत्येक आम्लात हा वायू असतोच अशी त्याची समजूत होती, म्हणून त्याने 'आम्लजनक' अशा अर्थाचे नाव दिले. मिठापासून मिळणाऱ्या हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन मुळीच नसतो, हे पुढे डेव्हीच्या कामावरून स्पष्ट झाले. पण नाव चिकटले ते चिकटलेच. रघुवीरांनी जारण या क्रियेवरून 'जारक' हे नाव दिले. त्यात ही चूक नाही. माझ्या मते त्यांच्या साऱ्या नावांत हे सर्वात सरस.

धातूंच्या नावात त्यांनी शेवटी 'आतु' हे शेपूट जोडले. ते 'धातु' या शब्दाचेच उरलेले टोक आहे. सोडियम म्हणजे क्षारातु, पोटॅशियम म्हणजे दहातु, कॅल्शियम म्हणजे चूर्णातु, मॅग्नेशियम म्हणजे भ्राजातु. नाव ऐकताच हा धातू आहे हे कळावे. हे ऐकले की चिनी लिपी आठवते. तेथे मूलद्रव्यासाठी एकेक अक्षरचिन्ह आहे आणि बहुतेक धातूंच्या चिन्हात धातूची, वायूंच्या चिन्हात वायूची खूण घातलेली असते.

यानंतर येतात संयुगे, आणि येथे मला शाळेतल्या रसायनशास्त्राकडे थोडे वळले पाहिजे. आपण कला शाखेचे असलो तरी दहावीपर्यंत हे सर्वांनीच घोकलेले आहे. सोडियमचा अणू आपला एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतो आणि धन आयन बनतो. क्लोरिनचा अणू तो घेऊन ऋण आयन बनतो. दोन विरुद्ध प्रभारांची ओढ एवढी जबरदस्त असते, की असंख्य आयन एकाआड एक रचले जाऊन स्फटिक तयार होतो. म्हणून मिठाचा खडा कठीण असतो. हातोडी मारली तर तो वाकत नाही, फुटतो. तो वितळवायला 801 अंश सेल्सिअस उष्णता लागते. कोरडे मीठ वीज वाहू देत नाही, पण पाण्यात विरघळले किंवा वितळले, की आयन मोकळे होऊन फिरू लागतात आणि वीज वाहते. 'आयन' हे नाव फॅरेडेने 1834 साली रूढ केले. फॅरेडे लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला. त्याला ग्रीक येत नव्हते. म्हणून नव्या शब्दांसाठी त्याने केंब्रिजच्या विल्यम ह्युएल या पंडिताला पत्रे लिहून सल्ला घेतला. ग्रीक शब्दाचा अर्थ 'जाणारा'. गंमत म्हणजे त्या ग्रीक धातूचे आणि आपल्या उत्तरायण-दक्षिणायनातल्या 'अयन' शब्दाचे मूळ कूळ एकच आहे. त्यामुळे 'आयन' मराठीत आला तो पाहुणा वाटलाच नाही.

अशा संयुगाला नाव देण्याचा नियम सोपा आहे. आधी धन आयनाचे नाव घ्यायचे, मग ऋण आयनाचे. एकट्या मूलद्रव्याचा ऋण आयन असेल तर शेवटी 'आइड', आणि त्यात ऑक्सिजनही मिसळलेला असेल तर बहुधा 'एट' किंवा 'आइट'. कॅल्शियम क्लोराइडमध्ये एका कॅल्शियमला दोन क्लोराइड असतात, तरी नावात 'दोन' म्हणावे लागत नाही, कारण प्रभारांचा मेळ घातला की संख्या आपोआप कळते. रघुवीरांनी हा नियम जसाच्या तसा उचलला. 'आइड'साठी 'एय', 'एट'साठी 'ईय'. नीरजी म्हणजे क्लोरिन, तिचा नीरेय. प्रांगार म्हणजे कार्बन, त्याचा प्रांगारीय. खडू हा चूर्णातु प्रांगारीय, मीठ हे क्षारातु नीरेय. प्रत्यय कळले की नाव पाठ करावे लागत नाही, ते बांधता येते. व्याकरण जाणणाऱ्याला हे रसायनशास्त्र संधी-समासाइतके सोपे वाटले असते.

या बाबतीत जुनी बाजारी नावे किती अपुरी होती ते पाहावे. मोरचूद, हिराकस आणि तुरटी ही तीन नावे किराणा दुकानात शेजारी शेजारी नांदतात. तिघांतही सल्फेटचाच ऋण आयन आहे. मोरचुदात तांबे, हिराकशीत लोह, तुरटीत पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम. पण नावावरून त्यांचे नाते कोणाला कळणार? नवसागर आणि मीठ दोन्ही क्लोराइड, पण बाजारात एकाची ओळख कल्हईवाल्याकडे आणि दुसऱ्याची स्वयंपाकघरात. युरोपातही 1787 पर्यंत अशीच बजबजपुरी होती. त्या साली लाव्हाझिए आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी घटकांवरून नावे ठेवण्याची पद्धत घालून दिली आणि तेव्हापासून रसायनशास्त्राला स्वतःचे व्याकरण मिळाले.

तरी बाजारी नावांची बाजूही सांगितली पाहिजे. आमच्या आगरात पोफळी आहेत. पावसाळ्यात सुपारीवर कोळेरोग पडू नये म्हणून वडील बोर्डो मिश्रण करतात. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी. मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवायचा नाही, हे त्यांना पक्के ठाऊक. मिश्रण झाले, की विळ्याचे पाते त्यात बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस पुट चढले तर चुना कमी पडला, आणखी घाला. हे पुट म्हणजे तांब्याच्या आयनांनी लोखंडावर येऊन बसणे, हे मला शाळेतल्या पुस्तकाने सांगितले. वडील चौथीनंतर शाळेत गेले नाहीत. त्यांचे हे ज्ञान आणि माझे ते ज्ञान एकच आहे, हे मला कळले ते पुस्तक मराठीत होते म्हणून. घरी येऊन वडिलांना सांगता आले, तेही म्हणूनच. धाकटा भाऊ सेमी-इंग्रजीत आहे. त्याला आयनांची व्याख्या माझ्याहून चोख येते, पण ती वडिलांना सांगायची झाली की तो अडखळतो. रघुवीरांचा ध्यास मला परका वाटत नाही तो यामुळे.

मग वडिलांना 'ताम्र शुल्बीय' म्हटलेले कळले असते का? 'कॉपर सल्फेट'पेक्षा अर्धे अधिक कळले असते, कारण तांबे तरी ओळखीचे. 'शुल्बीय' मात्र मोरचुदाहून दूर आणि सल्फेटइतकेच अनोळखी. गंधक हा साधा, जुना, सर्वांच्या तोंडचा शब्द असताना ताम्रवैरी अशा अर्थाचा 'शुल्बारि' पुढे आणण्याची गरज काय होती, ते मला अद्याप उमगलेले नाही. येथे पंडिताने लोकांवर कुरघोडी केली असे माझे स्पष्ट मत आहे.

मराठीत हे काम रघुवीरांच्या कितीतरी आधी सुरू झाले होते. रत्नागिरी जिल्ह्यातच जन्मलेले बाळाजी प्रभाकर मोडक कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवीत आणि त्यांनी एकोणिसाव्या शतकात मराठीतून रसायनशास्त्रावर ग्रंथ लिहिले. आणि आज खताच्या पोत्यासंबंधी कोणत्याही शेतकऱ्याशी बोलून पाहा. नत्र, स्फुरद, पालाश हे तीन शब्द तो सहज वापरतो. हेही घडविलेलेच शब्द आहेत, पण शेतात गेले म्हणून जगले. म्हणजे घडविलेला शब्द मरतोच असे नव्हे. जर्मन माणूस ऑक्सिजनला आणि हायड्रोजनला आपल्या भाषेतील नावांनीच हाक मारतो. जपानी विद्वानांनी एकोणिसाव्या शतकात 'सुइसो', 'सान्सो' अशी नावे पाडली आणि ती आजही तेथील शाळांत शिकवितात. जपान हे करू शकतो तर भारत का नाही, असे रघुवीरांना वाटले असेल तर ते वावगे कसे म्हणता येईल?

पण जपानात हे घडले तेव्हा तेथे इंग्रजीतून रसायनशास्त्र शिकलेली पिढी नव्हती. कोरी पाटी होती. रघुवीरांनी लेखणी उचलली तोवर आपल्याकडे शंभर वर्षांची महाविद्यालये उभी होती, हजारो शिक्षक इंग्रजी नावांत मुरलेले होते, औषधांच्या बाटल्यांवर तीच नावे छापलेली होती. शिवाय त्यांनी एकाच वेळी सर्वच बदलायला काढले. प्रशासन, न्याय, वनस्पती, प्राणी, रसायन, काहीच सोडले नाही. थोडे शब्द घेतले असते, ते पाठ्यपुस्तकातून चार वर्षे मुलांच्या तोंडी घोळविले असते, तर कदाचित निम्मे टिकते. पंडित नेहरूंना ही भाषा कृत्रिम वाटे. वर्तमानपत्रांनी टिंगल केली, आणि जे शब्द रघुवीरांनी कधी घडविलेच नव्हते असे हास्यास्पद शब्दही त्यांच्या नावावर खपविले. ही थट्टा त्यांच्या कामाच्या परीक्षणापेक्षा लवकर पसरली.

रघुवीर संविधान सभेचे सदस्य होते. 1952 पासून दहा वर्षे ते राज्यसभेत होते. कोशाचे काम या धकाधकीतही थांबले नाही. प्रशासन आणि शिक्षण यांतील शब्दांचा त्यांचा मोठा इंग्रजी-हिंदी कोश 1955 साली निघाला. त्याच्या आदल्या वर्षी, 1954 मध्ये, सामवेदाचे 'जैमिनीय ब्राह्मण' नागपुरातून प्रसिद्ध झाले. ते त्यांनी आपले पुत्र लोकेशचंद्र यांच्यासह संपादिले होते. एका हाताने वेद आणि दुसऱ्या हाताने सोडियम-पोटॅशियम, असा हा संसार. 1955 मध्ये ते चीनला गेले. तीन महिने फिरले, जुनी मंदिरे व लेणी पाहिली आणि ग्रंथ व चित्रांचा फार मोठा संग्रह बरोबर आणला.

1956 साली राज्यपुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात आला, नागपूरची राजधानी गेली आणि द्विभाषिक प्रांताची निकडही संपली. त्याच वर्षी सरस्वती विहार दिल्लीला हलला. 1960 मध्ये महाराष्ट्र झाल्यावर मराठीच्या परिभाषेचे काम राज्याच्या भाषा संचालनालयाकडे गेले. 1961 साली केंद्र सरकारने वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावलीसाठी आयोग नेमला. मूलद्रव्यांची व संयुगांची आंतरराष्ट्रीय नावे तशीच ठेवून ती आपल्या लिपीत लिहावीत आणि कल्पनांना मात्र भारतीय शब्द द्यावेत, हे धोरण ठरले. आपल्या पाठ्यपुस्तकात 'सोडियम क्लोराइड' आहे, पण त्याच वाक्यात 'संयुग', 'संयुजा', 'द्रावण', 'विद्युतप्रभार' आहे, ते या वाटणीमुळे. मला ही वाटणी बरी वाटते. मुलाला वीस नवी नावे लक्षात ठेवणे जड जात नाही. विचार करण्याची भाषा परकी असली की ते जड जाते.

चीनविषयीच्या सरकारी धोरणाशी न पटल्यामुळे रघुवीरांनी काँग्रेस सोडली आणि ते भारतीय जनसंघात गेले. मृत्यूसमयी ते त्या पक्षाचे अध्यक्ष होते. 14 मे 1963 रोजी, उत्तर प्रदेशात फर्रुखाबादच्या पोटनिवडणुकीत राममनोहर लोहियांच्या प्रचारासाठी जात असता कानपूरजवळ त्यांच्या मोटारीला अपघात झाला आणि त्यात त्यांचा अंत झाला. वय साठ. मध्य आशिया, तिबेट आणि मंगोलियातून त्यांनी जमविलेले ग्रंथ पुढे लोकेशचंद्रांनी 'शतपिटक' या मालेत छापीत नेले. मालेच्या नावात शंभर असले तरी तिचे शेकडो खंड झाले.